स्लॅबला झेपेल अशी माती

होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस 1917 मध्ये इंदूरला आले तेव्हा शहराने प्लेगचा धसका घेतला होता. गेडिस स्कॉटलंडचे, डंडी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नगररचना त्यांनी हौसेने अंगावर घेतलेली. मुक्कामात दिवाळी आली आणि या प्राध्यापकाने एका दिवसापुरता महाराजांचा मान मागून घेतला. दवंडी पिटली गेली: मिरवणूक निघेल, पण ती कुठल्या रस्त्याने जायची हे त्या रस्त्यावरची घरं किती स्वच्छ आहेत त्यावर ठरेल. गल्ल्यागल्ल्यांत झाडलोट, रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा होती, हिवतापाच्या डासाची होती. शहरातले सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र नव्या कपड्यांत, सन्मानाने चालत होते. आणि तुळशीचं रोप लावलेल्या छोट्या कुंड्यांनी भरलेला एक गाडाही होता. ती रोपं लोकांना वाटून टाकली गेली.

गेडिस यांचा दोन खंडांचा अहवाल 1918 मध्ये छापला गेला. त्यातला एक आग्रह आजही कानशिलात बसतो. गावातली घाण नदीत ढकलू नका, ती मातीत घाला, बागा फुलवा, असं हा माणूस दरबाराला सांगत होता.

त्या काळात कान्ह नदीच्या काठी लालबाग महालाचं काम चालूच होतं. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत 1886 मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, 1921 मध्ये पुरं झालं. बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीची लोखंडी फाटकं इंग्लंडमध्ये ओतवून बोटीने आणली. महालाचं स्वयंपाकघर नदीच्या पलीकडच्या काठावर, आणि तिथून जेवण आणण्यासाठी जमिनीखालून भुयार. म्हणजे धूर, खरकटं, फोलपटं सगळं पलीकडे आणि गुलाब, हिरवळ अलीकडे. राजाला हे परवडतं. ज्याच्याकडे एकरांनी बाग आहे त्याला स्वयंपाकघर आणि बाग यांची गाठ घालून द्यायची गरज पडत नाही.

लालबागच्या आसपास आज जे राहतात त्यांच्याकडे मात्र एकच मोकळी जागा उरली आहे, ती डोक्यावर. इंदूर हे बागांच्या नावांचं शहर आहे. लालबाग, माणिकबाग, केसरबाग. नौलखा या नावामागे तर नऊ लाख झाडांची आख्यायिका सांगतात. लोकमान्य नगरासारख्या मराठी वस्त्यांमध्येही एके काळी घरापुढे अंगण, अंगणात पारिजातक आणि पेरू असायचाच. आता अंगणाची पार्किंग झाली, बंगल्याचे मजले झाले आणि कुंड्या जिना चढून गच्चीवर गेल्या. गच्चीवर गेलेल्या कुंड्यांचं पुढे काय करायचं, या प्रश्नाला जगभरात गेल्या काही दशकांत जे उत्तर मिळालं त्याचं नाव मॉड्युलर प्लँटर. मराठीत सांगायचं तर एकमेकांना जोडत नेता येणाऱ्या लागवडीच्या पेट्या.

कल्पना साधी आहे. सबंध छपरावर पडदा, जाळी, माती असे थर पसरून बाग करायची तर ती कायमची होते. खाली ओल आली की कुठून आली ते शोधायला सगळी बाग उकरावी लागते. त्याऐवजी टणक प्लास्टिकचे चौकोनी ट्रे घ्यायचे. तळाला लहान वाट्यांसारखे खळगे, त्यांत थोडं पाणी साठतं; खळग्यांच्या वर भोकं, जास्तीचं पाणी तिथून निघून जातं. त्यावर गाळणीचं कापड, कापडावर लागवडीचं मिश्रण. ट्रे पायांवर उभा असल्यामुळे खालून हवा आणि पाणी दोन्ही वाहतं. गळती झाली तर तेवढे चार ट्रे उचलायचे, डागडुजी करायची, परत ठेवायचे. घर बदललं तर बाग टेम्पोत घालून नेता येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय नाही.

या साऱ्या विद्येचं माहेर जर्मनी. तिथे बर्लिनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डांबरी छपरांना आगीपासून वाचवण्यासाठी वर वाळू-खडी पसरत. त्या खडीत वाऱ्याने आलेलं बी आपोआप रुजलं, आणि त्यातली काही छपरं शंभरेक वर्षं तशीच हिरवी राहिली. पुढे जर्मनांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे याचे नियम केले. हिरव्या छपरांची पहिली तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वं तिथे 1982 मध्ये निघाली. टोरांटो शहराने 2009 मध्ये मोठ्या नव्या इमारतींवर हिरवं छप्पर सक्तीचं केलं. शिकागोच्या सिटी हॉलची गोष्ट तर फारच बोलकी आहे. ती इमारत दोन कार्यालयांत अर्धी-अर्धी वाटलेली. एका अर्ध्यावर 2001 मध्ये बाग झाली, दुसऱ्या अर्ध्यावर काळं डांबरी छप्पर तसंच राहिलं. त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या एका दुपारी मोजलं तेव्हा डांबरी भाग 76 अंश सेल्सिअसला पोचला होता आणि लागवडीचा भाग 33 ते 48 अंशांच्या दरम्यान होता. एकच इमारत, एकच ऊन.

जाता जाता एक गंमत. लालबागपासून फार लांब नसलेला माणिकबाग महाल 1930 च्या दशकात यशवंतराव होळकरांसाठी बांधला तो एकार्ट मुथेसियस या बर्लिनच्याच तरुण वास्तुशास्त्रज्ञाने. म्हणजे बर्लिनहून इंदूरला आधुनिक वास्तुकला आली, फर्निचर आलं. छपरावरची बाग तेवढी आली नाही. आली असती तरी टिकली असती का, हा वेगळाच विषय. कारण युरोपातल्या तयार ट्रेमध्ये जे लावतात ते सेडम, म्हणजे बुटक्या, जाड पानांच्या थंड प्रदेशातल्या वनस्पती. त्या कोरडं सहन करतात, पण आपल्याकडचा जुलै-ऑगस्टमधला दमट उकाडा आणि सतत भिजलेली मुळं त्यांना मानवत नाहीत; बहुतेक जाती कुजून जातात. माळव्यात हे काम करणारी वनस्पती कुंडीत न लावताही उगवते. घोळ! तीच ती मांसल पानांची, डाळ घालून भाजी करतात ती. तिची शोभेची बहीण सकाळी उन्हं वर आल्यावर फुलते म्हणून तिला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. दोघी चार बोटं मातीत आणि मेच्या उन्हात तग धरतात. तरीही परदेशी झाडांच्या छायाचित्रांची जाहिरात बघून ट्रे मागवणारे कमी नाहीत.

पण झाडं नंतर. आधी वजन.

गच्चीवर बाग करणाऱ्यांची खरी परीक्षा इथे होते आणि बहुतेक जण हा पेपर न सोडवताच पास झाल्यासारखे वागतात. भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागाप्रमाणे ज्या गच्चीवर माणसांची ये-जा आहे तिचा स्लॅब दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो इतक्या चल भाराला धरून आखतात. या दीडशेत तुम्ही, पाहुणे, वाळवणाच्या खाटा, सगळं आलं. आता माळव्याची काळी माती घ्या. भिजल्यावर तिचं वजन घनमीटरला अठराशे ते दोन हजार किलोपर्यंत जातं. पंधरा सेंटिमीटर खोलीच्या ट्रेमध्ये ती भरली तर चौरस मीटरला पावणेतीनशे-तीनशे किलो होतात. मान्य भाराच्या दुप्पट, आणि त्यावर अजून माणूस उभा राहायचा आहे.

शिवाय काळी माती पेटीत घालायला स्वभावानेच नालायक. शेतात तिच्यासारखी कसदार नाही, पण पाणी मिळालं की ती फुगते आणि वाळली की आक्रसते. पेटीत वाळल्यावर ती कडांपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. माणसाला वाटतं आपण भरपूर पाणी घातलं.

तेव्हा पेटीत घालायचं ते हलकं हवं. मुरलेलं कंपोस्ट, कोकोपीट किंवा उसाचं चिपाड, आणि मूठभर माती असं मिश्रण भिजल्यावर घनमीटरला नऊशे ते हजार किलोच्या आसपास राहतं. दहा सेंटिमीटर जाडीचा थर चौरस मीटरला शंभराच्या आत बसतो. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा ट्रे असेल तर त्यात पंचवीस लिटर मिश्रण मावतं आणि भिजलेला ट्रे पंचवीसेक किलोचा होतो, गव्हाच्या अर्ध्या पोत्याइतका. एक माणूस तो उचलू शकतो. पेट्यांची मापं एवढीच का असतात त्याचं उत्तर या हिशेबात आहे. टोमॅटो, वांगी, लिंबू यांना जास्त खोली लागते. त्यांच्यासाठीचे ड्रम गच्चीच्या मध्यावर न ठेवता तुळयांच्या रेषेवर, भिंतींच्या किंवा पिलरच्या डोक्यावर ठेवायचे. जुन्या घरात वरून ब्रिकबॅट कोबा घातलेला असतो. त्या विटांच्या तुकड्यांचं आणि सिमेंटचं ओझं स्लॅब आधीच वाहत असतो. अशा घराचा नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एकही ड्रम वर चढवू नये. हा सल्ला कंटाळवाणा आहे खरा, पण दुसरा नाही.

आणि इथून गोष्ट पुन्हा इंदूरकडे वळते, कारण हलकी, जिवंत माती कचऱ्यातून कशी बनवायची याचं आधुनिक शास्त्र ज्या गावच्या नावाने जगभर ओळखलं गेलं ते हेच.

अल्बर्ट हॉवर्ड 1905 पासून बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतितज्ज्ञ होते. 1924 मध्ये इंदुरात होळकर सरकारकडून मिळालेल्या तीनशे एकरांवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली आणि 1931 पर्यंत हॉवर्ड तिचे संचालक राहिले. पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी बरोबरीने संशोधन केलं. संस्थेसाठी पैसा कापसाचा होता, पण हॉवर्ड यांचं लक्ष कापसाच्या बोंडाइतकंच त्याच्या पऱ्हाट्यांवर होतं. शेतात जे उरतं, गोठ्यात जे पडतं, ते जाळण्यापेक्षा किंवा गोवऱ्या थापण्यापेक्षा पद्धतशीर कुजवलं तर? चीनमधले शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते, आणि हॉवर्ड यांनी ते वाचलं होतं.

इंदूर पद्धत म्हणून जी गाजली तिची कृती कुठल्याही गृहिणीला समजेल. पालापाचोळा आणि काडीकचरा आधी जनावरांच्या पायाखाली अंथरायचा, म्हणजे तो तुडवून मऊ होतो. मग उथळ खड्ड्यात त्याचे थर; मधे शेणकाला, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख. ठरावीक अंतराने तीनदा चाळवणी. सुमारे तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार. खड्डा दोनेक फुटांपेक्षा खोल करायचा नाही, कारण त्याखाली हवा पोचत नाही आणि हवा नसली की सडतं, कुजत नाही. गच्चीवरची पेटी उथळ ठेवण्यामागे आपण वजनाचं कारण देतो. हॉवर्ड यांचा खड्डा उथळ होता तो हवेसाठी. दोन्ही कारणं पेटीला लागू पडतात.

या कामात हॉवर्ड यांचे सहकारी होते यशवंत वाड, संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. कर्ब आणि नत्राचं प्रमाण किती असावं, कुठल्या टप्प्यावर काय होतं, ही मोजमापं म्हणजे या पद्धतीचा कणा, आणि तो प्रयोगशाळेत घडला. 1931 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्युमस बनवण्यावर जे पुस्तक काढलं त्यावर दोघांचीही नावं आहेत. पुढे केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपासून इंग्लंडमधल्या भाजीच्या वाफ्यांपर्यंत ही पद्धत गेली, सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्ड यांना आद्यपुरुष मानलं. वाड यांचं नाव तेवढं वाटेत गळालं. 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा संस्थेत जाऊन त्यांनी ही खतनिर्मिती पाहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे.

शेतातून गच्चीवर ही विद्या चढली ती मात्र महाराष्ट्रात. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. प्रयोग परिवार या नावाने त्यांनी शेतकऱ्यांचं विद्यापीठाबाहेरचं विद्यापीठ चालवलं, द्राक्ष बागायतदारांना आपापल्या मळ्यात प्रयोग करायला लावले. पानाच्या प्रत्येक चौरस फुटावर पडणारं ऊन किती अन्न तयार करू शकतं याचा त्यांनी हिशेब मांडला, आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब सुखाने जगू शकतं असा त्यांचा दावा होता. गणितज्ञाने शेती केली की ती अशी होते. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर आणखी एक युक्ती काढली. रसवंतीगृहासमोर ढीग पडलेलं उसाचं चिपाड फुकट मिळतं. ते प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि ड्रमांत ठासायचं, वर कंपोस्टचा आणि मातीचा पातळ थर द्यायचा आणि भाजी, केळी, ऊससुद्धा लावायचा. चिपाड हळूहळू कुजून खाद्य होतं. ही पिशवी म्हणजे आपल्याकडची अस्सल मॉड्युलर पेटी. तिला ना साचा लागला, ना आयात शुल्क.

2002 मध्ये मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या कॅटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी बाग सुरू केली. प्रेरणा सौंदर्याची नव्हती. रोज उरणारी भाज्यांची देठं, साली, फळांचे गर यांचं करायचं काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आधी दोशी यांचं मार्गदर्शन, मग दाभोळकरांच्या विचारातून आलेली अमृतमिट्टी, असा तो प्रवास झाला.

ही अमृतमिट्टी पुन्हा माळव्याजवळ येऊन पोचते. दाभोळकरांचे शिष्य दीपक सचदे यांनी देवास जिल्ह्यात, नर्मदाकाठच्या बजवाडा गावी तिचे प्रयोग केले आणि ती शेकडो जणांना शिकवली. दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ. दिवसातून दोनतीनदा ढवळून तीन दिवस ठेवलं की अमृतजल. त्यात दहापट पाणी घालून त्यात वाळलेला पाला भिजवायचा, पाल्याचा थर, मुठीमुठीने मातीचा थर असा फूटभर उंचीचा ढीग रचायचा. ढीग मुरला की त्यावर धान्य, डाळी, मेथी, मिरची, मसाले अशा सगळ्या चवींची मिसळलेली बियाणी पेरायची. एकविसाव्या, बेचाळिसाव्या, त्रेसष्टाव्या दिवशी रोपं कापून त्याच ढिगात मिसळायची. साडेचार-पाच महिने लागतात. घाई असलेल्याने यात पडू नये. पण तयार होणारी माती हाताला कापसासारखी हलकी लागते, आणि आपल्याला तर तेच हवं आहे.

या मातीवर जर्मन पद्धतीचा माणूस एक आक्षेप घेतो आणि तो बरोबर आहे. सेंद्रिय पदार्थ कुजत राहतो, त्यामुळे पेटीतला थर दर वर्षी खाली बसतो. म्हणून तिकडे छपरावरच्या मिश्रणात सेंद्रिय भाग थोडाच ठेवतात आणि बाकी प्युमिससारखे हलके ज्वालामुखी दगड किंवा विटांचा चुरा घालतात. तसं छप्पर वर्षानुवर्षं कुणी न बघता राहतं. माळवाही ज्वालामुखीचाच आहे, पण आपला बेसाल्ट जड आणि भरीव. विटांचा चुरा मिळतो, थोडा घातला तर निचरा सुधारतो. अति घातला तर पुन्हा वजन.

मुळात दोन्हीकडची छपरंच वेगळी आहेत. तिकडच्या हिरव्या छपरावर वर्षातून एकदोनदा देखभाल करणारा माणूस चढतो. आपली गच्ची ही घराची एक खोली आहे. तिथे कुरडया वाळतात, पतंग उडतात, मे महिन्यात माळव्याच्या गार रात्री अंथरुणं पडतात. रोज कुणीतरी वर जाणारच. अशा घरात थर खाली बसला तर बिघडलं कुठे? रिकाम्या झालेल्या दोन बोटांच्या जागेत कुजवलेल्या सालींचा नवा थर जातो. ओला कचरा रोज तयार होतो आणि पेटी सतत मागत राहते. हे मागणं थांबलं असतं तर खरकट्याची अडचण झाली असती. या एका कारणासाठी महागडे आयात ट्रे आणि त्यांच्याबरोबर येणारं तयार मिश्रण विकत घेणं इंदूरसारख्या शहरात अनाठायी वाटतं. पेटी कुठलीही घ्या, भाजीवाल्याचा क्रेट आतून हिरवं नेट लावून वापरला तरी चालतो. जे विकत मिळत नाही ते पेटीच्या आत असतं.

इंदूरकरांना वर्गीकरण शिकवावं लागत नाही, ही जमेची बाजू. 2017 पासून देशातल्या स्वच्छ शहरांत सतत पहिल्या रांगेत असलेल्या या शहरात गाणं वाजवत कचरागाडी दारी येते आणि ओलं-सुकं वेगळं नसेल तर माणूस ओशाळतो. फेब्रुवारी 2022 मध्ये देवगुराडियाला सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प रोज 550 टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा आहे. त्यातून गॅसबरोबर रोज शंभर टन खत अपेक्षित धरलं होतं. व्यवस्था नावाजण्यासारखीच. तरी तिच्यामुळे एक सवय लागते: गाडी आली, डबा रिता झाला, विषय संपला. केळीची साल देवगुराडियापर्यंत डिझेल जाळत जाते आणि तोच माणूस रविवारी नर्सरीतून खताची पिशवी विकत आणतो.

पाण्याचा मामला याहून नाजूक आहे. इंदूरचं बरंचसं पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून, विंध्याचा चढ चढवून आणलं जातं. पहिला टप्पा 1978 मध्ये आला. म्हणजे गच्चीवरच्या पालकाला मिळणारं पाणी आधी डोंगर चढतं आणि मग मोटरने चार मजले. मे महिन्यात उघड्या गच्चीवर वारा आणि ऊन मिळून चौरस मीटरमागे दिवसाला आठ-दहा लिटर पाणी सहज उडवतात. वीस चौरस मीटरची बाग धरली तर घागरींचा हिशेब डोळ्यांत पाणी आणतो. म्हणून पेटीच्या तळाचे खळगे महत्त्वाचे, वरचं पाल्याचं आच्छादन त्याहून महत्त्वाचं, आणि डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी बादलीत धरून ठेवणं सगळ्यांत महत्त्वाचं. उन्हाळ्यात हिरवी शेडनेट बांधायचीच. आणि सगळ्या पेट्या बाराही महिने भरलेल्या असल्या पाहिजेत हा हट्ट सोडायचा. एप्रिल-मेमध्ये निम्म्या पेट्यांत पाला भिजवून झाकून ठेवला तर जूनपर्यंत त्यांतच पुढच्या हंगामाचं खत तयार होतं.

पावसाळ्यात उलटी चिंता. ट्रे आणि कठडा यांत फूटभर जागा ठेवली नाही, पन्हाळीच्या तोंडाशी पाला अडकला, की गच्चीचं तळं होतं, आणि दहा सेंटिमीटर साचलेलं पाणी म्हणजे चौरस मीटरला शंभर किलो. जो हिशेब इतक्या निगुतीने जमवला तो एका रात्रीत बुडतो. पन्हाळीवर जाळी, दर आठवड्याला हात. कठड्याच्या भेगेत उगवलेला पिंपळ दोन पानांचा असतानाच काढायचा; पाप लागेल म्हणून ठेवलेल्या पिंपळांनी माळव्यातले किती वाडे खाल्ले ते इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास फिरून बघावं.

दिवाळीच्या सुमाराला माळव्याची हवा गच्चीवरच्या शेतीला सर्वांत अनुकूल होते. पाऊस सरलेला, ऊन कोवळं, रात्री गार. मेथी उथळ ट्रेमध्ये विरळ न पेरता दाट फेकायची, ती महिन्याभरात कापणीला येते. पालक, कोथिंबीर, मुळ्याचा पाला दहा सेंटिमीटरमध्ये होतात. लसूण पाकळी-पाकळी खोचून पातीसाठी ठेवायचा. हरभऱ्याचा एक ट्रे नुसत्या कोवळ्या पाल्याच्या भाजीसाठी लावायला हरकत नाही; त्याची मुळं नत्र धरून ठेवतात आणि पुढच्या पिकाला ते मिळतं. कापणी झाली की मुळासकट उपटायचं नाही, वरून कापायचं. मुळं आत कुजू द्यायची, त्यांनी केलेल्या पोकळ्यांतून हवा खेळते, आणि ट्रे पुन्हा दोन बोटं खाली बसला की स्वयंपाकघरातला डबा वर न्यायचा.